वाड्याच्या तिठ्यावर गोल आरसा लावायचा विचार आहे, फायदा होतो की धोका वाढतो?

तिठ्यावरचा (डिचोली)

नमस्कार मंडळी, येत्या ग्रामसभेत आमच्या वाड्यातर्फे एक विषय मांडायचाय, त्याआधी इथे विचारतो कारण इथे ड्रायव्हर पण आहेत आणि इंजिनियर पण.

आमच्या वाड्याचा रस्ता उतरणीवरून येऊन मेन रोडला मिळतो. मेन रोड म्हणजे हायवे नव्हे, आपला साधा तालुक्याचा रस्ता, कदंबा (सरकारी बस) जाते, खाजगी बसेस जातात, टिप्पर, सकाळी बालरथ (शाळेची बस), आणि शनिवार-रविवारी भाड्याच्या गाड्या घेऊन हरवळ्याचा धबधबा बघायला जाणारे टुरिस्ट. तिठ्यावर उजव्या हाताला एका घराचा चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) आहे, माणसाच्या डोक्याच्या वर आणि अगदी डांबराला लागून. डावीकडे पिंपळाचा पार आहे पण त्याच्या पलीकडचं दिसतं, तो त्रास नाही. उजवीकडून येणारी गाडी बघायची तर मात्र स्कूटरचं पुढचं चाक आधी मेन रोडवर काढावं लागतं, कार असली तर अख्खं बॉनेट. गेल्या पावसात तिथे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीला धक्का लागला, हातावर निभावलं, पण त्या दिवसापासून वाड्यातल्या बायका पोरांना एकटं सायकलवर सोडत नाहीत.

पोरांचं म्हणणं की समोरच्या बाजूला मोठा गोल आरसा लावूया, पैसे आपणच काढू. पण एक काका ठाम विरोधात आहेत, ते म्हणतात आरशात गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते आणि मग लोक बिनधास्त गाडी बाहेर काढतात, आरसा नसताना निदान भीतीने थांबतात तरी. मला दोन्ही पटतंय म्हणून अडकलोय. लावायचा तर केवढा, कुठे, परवानगी कोणाची, नंतर बघणार कोण? आणि लावूच नये असं कोणाचं मत असेल तर कारण पण लिहा.

---

वळणावर_घर (फोंडा)

आमच्याकडे आहे आरसा, देवळाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेच्या वळणावर. दोन्ही बाजूला गडगे, मध्ये एकच गाडी जाईल एवढी जागा. तिथे त्याचा खरोखर उपयोग होतो, कारण समोरून कोणी येतंय हे आधीच कळलं की आपण अलीकडच्या रुंद जागेत थांबून राहतो, नाहीतर दोन गाड्या वळणात नाकाला नाक लावून उभ्या आणि मग मागे कोणी घ्यायची यावरून वाद. जत्रेच्या दिवसांत तर आरशाशिवाय तिथून कार नेववत नाही.

पण दादा, लावणं सोपं आहे, सांभाळणं कठीण. उन्हाळ्यात लाल माती बसते, टिप्पर जाणारा रस्ता असेल तर आठवड्यात आरसा तांबडा. जूनला पाऊस लागला की वेली खांबावर चढतात, ऑगस्टपर्यंत अर्धा आरसा पानात. मागच्या बाजूला शेवाळ धरतं. आणि वाऱ्याने क्लॅम्प ढिला झाला की आरसा हळूहळू फिरतो, बाहेरून बघितलं तर जागेवर दिसतो पण आत रस्त्याऐवजी कोणाची तरी माडाची झाडं दिसत असतात. आमच्याकडे तक्रार केली तर एकाने सांगितलं हे आमचं काम नव्हे, दुसऱ्याने पण तेच सांगितलं, शेवटी वळणाच्या घरातली मुलंच शिडी लावून पुसतात. त्यामुळे ग्रामसभेत ठराव करायचा तर कोण पुसणार तेही ठरावातच लिहून घ्या.

अजून एक, थंडीत सकाळी त्यावर दव पडतं. डिसेंबर-जानेवारीत साडेआठपर्यंत आरसा पांढरा असतो, नेमकी शाळेची वेळ.

---

घाटातला_ड्रायव्हर

मी जड गाडी चालवतो, चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाट नेहमीचे. माझं मत सांगतो.

रात्री वळणावर आरशापेक्षा हेडलाईट जास्त सांगतो, समोरच्या दरडीवर उजेड पडला की कोणीतरी येतंय. आरसा त्यात भर घालतो एवढंच. दिवसा जास्त उपयोगी, कारण दिवसा लाईट बंद असतात आणि हॉर्न ऐकायला हल्ली कोणाच्या गाडीच्या काचा उघड्या नसतात, एसी चालू, गाणी चालू.

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आरसा एका जागेवरून बघायला लावलेला असतो. स्कूटरवाल्याच्या डोळ्याच्या हिशोबाने सेट केला तर मला माझ्या केबिनमधून त्यात रस्ता दिसत नाही, दुसरंच काहीतरी दिसतं. त्यामुळे तुमच्या तिठ्यावरून मेन रोडने जाणाऱ्या बसवाल्याला त्या आरशात तुम्ही दिसत असाल असं धरून चालू नका. तुम्ही त्याला बघितलं म्हणून त्याने तुम्हाला बघितलं असं होत नाही.

आणि माणसं, गुरं, लाईट नसलेली सायकल, हे आरशात दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी काळी म्हैस रस्त्यात बसलेली असते ती समोरून दिसायची मारामार, आरशात कुठून दिसणार.

---

सिव्हिल_बांधकाम

काकांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते आकड्यात मांडता येतं म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळू नका.

रस्त्यावरचा आरसा बहिर्वक्र असतो, स्टीलच्या चमच्याच्या पाठीसारखा. सपाट आरशात रस्त्याचा अगदी चिंचोळा तुकडा दिसेल, हा फुगीर असल्यामुळे रुंद भाग त्यात मावतो. पण रुंद मावतो म्हणजे सगळं लहान होऊन मावतो, त्याची किंमत तीच. शाळेत नववी-दहावीत सूत्र होतं, वक्रता त्रिज्येच्या निम्मं म्हणजे नाभीय अंतर. समजा आरशाची त्रिज्या ३ मीटर, नाभीय अंतर दीड मीटर. गाडी आरशापासून ३० मीटरवर असेल तर तिची प्रतिमा साधारण एकविसाव्या हिश्श्याची होते, १.८ मीटर रुंद कार साडेआठ सेंटीमीटरची. आता तुम्ही आरशापासून १० मीटरवर उभे असाल तर तुमच्या डोळ्याला ती कार, नुसत्या डोळ्याने २४० मीटरवरची कार जेवढी दिसते तेवढी दिसणार. साधा सपाट आरसा असता तर ४० मीटरवरची वाटली असती. म्हणजे सहा पटीने लांब वाटते.

आणि ती गाडी ५० च्या स्पीडने येत असेल तर ३० मीटर यायला तिला दोन सव्वादोन सेकंद लागतात. थांबलेली स्कूटर उचलून रस्त्याच्या मधोमध पोचायला तीन-चार सेकंद सहज जातात. म्हणजे "अजून लांब आहे" म्हणून निघालेला माणूस बरोबर तिच्या तोंडावर जातो.

स्पीडचा अंदाज तर त्याहून वाईट येतो. ती कार ६० मीटरवरून ३० मीटरवर आली तरी आरशाच्या आत तिची प्रतिमा पुढे सरकते जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, फक्त आकार दुप्पट होतो, तोही जेमतेम साडेचार सेंटीमीटरवरून साडेआठ सेंटीमीटर. ज्याला आरसा रोजचा आहे तो सवयीने शिकतो, पण बाहेरून आलेल्या माणसाला नाही समजत. मोटरसायकल तर ६० मीटरवर दीड-पावणेदोन सेंटीमीटरचा उभा ठिपका असतो, आणि आपल्याकडे अपघातात जास्त करून जातो तो दुचाकीवालाच.

तिसरी गोष्ट, आरशात डावं-उजवं उलटं होतं. आपण डावीकडून गाड्या चालवतो, आरशातल्या रस्त्यावर त्या उजवीकडून चालताना दिसतात. त्यामुळे एका नजरेत गाडी तिठ्याकडे येतेय की तिठ्यापासून लांब जातेय हेच क्षणभर कळत नाही. रात्री लाईट पांढरा की लाल यावरून कळतं, पावसात दिवसा लाईट बंद ठेवून येणारा असेल तर संपलं.

म्हणून माझं स्पष्ट मत, आरशात कोणी दिसलं तर थांबायचं, पण कोणी दिसलं नाही म्हणून निघायचं नाही. आणि नेमकं उलटं वापरतात लोक.

तिठ्यावरच्या, तुमचा खरा आजार गडगा आहे. वाड्यातून बाहेर पडताना पहिली भीती उजवीकडून येणाऱ्या गाडीची असते कारण ती तुमच्या अंगाच्या लेनमध्ये असते, आणि तुमचा गडगा नेमका त्याच बाजूला आहे.

---

स्कूटर_आणि_शाळा (म्हापसा)

सिव्हिलवाल्या दादांचं गणित बरोबर असेल पण गडगा काय उद्या पडणार आहे का? मालक नाही म्हणणार, मग भावाभावांच्या सह्या, मग कोर्ट, तोपर्यंत माझी मुलं कॉलेजात जातील. आरसा पुढच्या आठवड्यात लागतो.

आमच्या हाऊसिंग कॉलनीच्या गेटवर आरसा आहे आणि मला त्याचा रोज उपयोग होतो. मागे एक मूल, पुढे एक मूल, अशी मी स्कूटरचं पुढचं चाक रस्त्यात घालून वाकून बघू शकत नाही. वाकले की गाडीचा तोल जातो. आरशात गाडी दिसली की मी थांबते, नाही दिसली तरी हळूच पुढे होऊन परत बघते. एवढं साधं आहे. शिवाय चालणाऱ्यांचं काय, आमच्या गेटवरच्या आजी आरशात बघूनच रस्ता क्रॉस करतात, त्यांची मान वळत नाही.

लोक चुकीचं वापरतात म्हणून वस्तूच नको म्हणायचं तर मग हेल्मेट पण नको, कारण हेल्मेट घातलं म्हणून जोरात चालवणारे पण आहेत. सगळ्या गोष्टी लोकांच्या मूर्खपणावर मोजल्या तर आम्ही नीट वापरणाऱ्यांनी कुठे जायचं?

---

सिव्हिल_बांधकाम

ताई, तुमचं चुकलेलं नाही. तुम्ही जसा वापरता तसाच तो वापरायचा असतो, आधी थांबायचं, मग आरसा, मग हळू पुढे होऊन स्वतःच्या डोळ्याने. जपानात गल्लोगल्ली नारिंगी खांबांवर असे आरसे असतात, तिथे अरुंद रस्ते, घरांच्या भिंती रस्त्याला टेकलेल्या, बरंचसं आपल्या वाड्यांसारखंच, पण तिथेही आरशात बघून झाल्यावर स्वतः मान वळवून बघायचं असतंच. उलट ब्रिटनमध्ये बऱ्याच कौन्सिली सार्वजनिक रस्त्यावर आरसा लावायला नाखूश असतात, कारणं तीच, अंतर-वेग फसतो, उन्हाची किंवा हेडलाईटची तिरीप डोळ्यात येते, घाण होतो, आणि लोक त्याच्यावर विसंबतात. दोन्ही देशांत अनुभवी माणसं आहेत, रस्ता बघून ठरवतात.

मी "लावू नका" म्हणत नाही. मी म्हणतो एकटा आरसा लावून फाईल बंद करू नका. पंचायतीला ते फार आवडतं कारण स्वस्त आहे, फोटो काढता येतो, आणि मग पुढची दहा वर्षं "तुमच्याकडे आरसा दिलाय ना" हेच उत्तर मिळतं. हेल्मेटचं उदाहरण मात्र पटलं नाही, हेल्मेट डोक्याला लागण्यापासून वाचवतं, तुम्ही काय समजता यावर ते अवलंबून नसतं. आरसा नुसती माहिती देतो आणि तीही फसवी देतो.

गडगा पाडायची गरज नाही हो. इंडियन रोड काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मापं ठरवून देणारी संस्था, तिच्या हिशोबात ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरतात. म्हणजे कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत गडग्याचे वरचे चार-पाच थर काढून तो तीन फुटांच्या आत आणला आणि वर जाळी किंवा ग्रिल बसवलं तरी आरपार दिसतं. मालकाची एक इंच जागा जात नाही, कुत्री-गुरं आत येत नाहीत, आणि मालकाचीच माणसं पण त्याच तिठ्यावरून जातात ना. फक्त त्या ग्रिलवर नंतर बोगनवेल किंवा हिरवी जाळी चढवायची नाही, हे आधीच बोलून घ्या.

दुसरा उपाय मेन रोडचा स्पीड. त्याच काँग्रेसच्या कोष्टकात गाडी थांबवायला लागणारं अंतर ५० च्या स्पीडला ६० मीटर, ४० ला ४५ आणि ३० ला ३० मीटर दिलंय. म्हणजे स्पीड ५० वरून ३० वर आणला तर तुम्हाला लागणारं दिसण्याचं अंतरच निम्मं होतं. म्हणून तिठ्याच्या अलीकडे मेन रोडवर नीट मापाचा स्पीडब्रेकर, १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, गोलसर, आधी बोर्ड आणि वर पांढरे पट्टे. आपल्याकडे रात्रीत डांबराचा जो उंचवटा टाकतात तो नव्हे, त्यावर स्कूटरवालेच पडतात. आणि वाड्याच्या तोंडाला जाड पांढरी थांबायची रेघ आणि थांबाचा बोर्ड.

---

घाटातला_ड्रायव्हर

स्पीडब्रेकरवर थोडं बोलतो, उतरणीवर नको टाकू. लोडेड गाडी उतरणीवर ब्रेकरला आली की मागचा माल पुढे ढकलतो, पावसात तर घसरते. मेन रोड तिथे सपाट असेल तर चालेल.

ताई बोलल्या ते पण खरं आहे, आरसा नसलेल्या तिठ्यावर मला पुढचं चाक बाहेर आलेलं दिसतं तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. आरसा बघून माणूस आत थांबला तर माझ्यावर उपकार. फक्त थांबावा.

---

तिठ्यावरचा (डिचोली)

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. थोडी माहिती अजून देतो.

मेन रोड तिठ्यावर सपाट आहे, उतरण आमच्या वाड्याच्या रस्त्यालाच. त्यामुळे पावसात आमचीच गाडी थांबायला जड जाते, रेघ मारली तरी ती शेवाळावर मारल्यासारखी होईल, तिथे आधी गटार साफ करून पाणी रस्त्यावरून वाहणं बंद करायला हवं, ते माझ्या डोक्यात तुमच्यामुळे आलं.

गडग्याच्या मालकीणबाई म्हाताऱ्या आहेत, मुलगा परदेशात. त्यांना मी आज विचारलं, त्या म्हणाल्या चिरे काढा पण ग्रिल तुम्ही घाला आणि रात्री घर उघडं पडता कामा नये, आणि आरसा लावलात तर त्यात माझं अंगण दिसता कामा नये. अंगणाचं मला आधी सुचलंच नव्हतं. एकटी बाई राहते, रस्त्यावरचा कोणीही आरशातून तिच्या दारात बघणार असेल तर ते बरोबर नाही.

अजून दोन शंका. वाड्यात कोणीतरी म्हणालं की गोल आरशाने ऊन एका जागी पडून समोरच्या सुक्या गवताला आग लागू शकते, खरं का? आणि आरसा कसला घ्यायचा, काचेचा की प्लास्टिकचा की स्टीलचा?

---

हार्डवेअर_साखळी

काच घेऊच नका. एक दगड उडाला की तुकडे रस्त्यात. दुकानात मिळतात त्यात ॲक्रिलिक स्वस्त आणि चित्र स्वच्छ, पण कोरड्या फडक्याने माती पुसली की चरे पडतात, काही वर्षांत पिवळा-धुरकट होतो. पॉलिकार्बोनेट महाग पण दगडाला दाद देत नाही, रस्त्यावर तोच बरा. स्टेनलेस स्टील फुटत नाही पण चित्र तेवढं साफ नाही. पुसताना आधी भरपूर पाणी ओतायचं, मग मऊ ओलं फडकं, साबण साधा. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर आरसा गेलाच समजा.

साईज ६०, ८०, १०० सेंटीमीटर अशा येतात. मेन रोडच्या पलीकडून बघायचं आहे तर ६० चा अगदीच लहान पडेल, ८० च्या खाली जाऊ नका. वर टोपी असलेला घ्या, पावसाचं पाणी आणि पक्ष्यांची घाण दोन्ही कमी. खांब गॅल्व्हनाइज्ड, नट-बोल्ट स्टेनलेसचे, नाहीतर दुसऱ्या पावसात गंजून क्लॅम्प उघडतच नाही. किनाऱ्याकडे तर एकाच पावसात.

पक्ष्यांवरून आठवलं, दयाळ आणि सूर्यपक्षी स्वतःचं चित्र बघून चोची मारत बसतात, विणीच्या दिवसांत जास्त. ॲक्रिलिकवर त्याचे पण डाग राहतात.

---

सिव्हिल_बांधकाम

आगीची भीती नको. ऊन एका जागी गोळा करतो तो अंतर्वक्र आरसा, आत खोलगट असतो तो. हा बाहेर फुगलेला, ऊन पसरवतो. पण तिरीप येते हे खरं, पश्चिमेकडे तोंड करून लावला तर संध्याकाळी चार-पाचनंतर नेमकी थांबलेल्या माणसाच्या डोळ्यात. तुमचा आरसा कुठल्या दिशेला बघणार हे लावायच्या आधी संध्याकाळी तिथे उभं राहून बघा.

साईजबद्दल हार्डवेअरवाल्यांना एक जोड. व्यासाबरोबर वक्रता पण विचारा. दोन्ही ८० चे असले तरी जास्त फुगीर आरशात रस्ता जास्त मावतो पण गाडी अजून बारीक दिसते. तुम्हाला एकाच बाजूचं, उजवीकडचंच बघायचंय, डावीकडचं डोळ्याने दिसतं. मग कमी फुगीर घ्या, म्हणजे मोठ्या त्रिज्येचा. चित्र मोठं मिळेल, आणि कमी पसरट दिसत असल्यामुळे अंगण टाळणं पण सोपं जाईल. दुकानदार बहुतेक "जास्त दिसतं" म्हणून फुगीर खपवतात.

परवानगी रस्ता ज्याच्या ताब्यात त्याची. मेन रोड सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर खांब पलीकडच्या बाजूला त्यांच्याच हद्दीत येणार, पंचायतीने ठराव करून त्यांना लिहायचं आणि प्रत ट्रॅफिक पोलिसांना. तुम्ही वर्गणी काढून रात्रीत खांब पुरू नका. उद्या गटाराच्या कामात काढला तर कोणाला विचारणार, आणि त्यावर गाडी आपटून कोणी जखमी झाला तर जबाबदारी वर्गणीवाल्यांच्या गळ्यात. जिल्हा पातळीवर रस्ता सुरक्षा समिती असते, स्पीडब्रेकर आणि बोर्डाचा विषय तिथे पण पाठवता येतो. पोदेराच्या अपघाताची तारीख आणि जागेचे फोटो जोडा, नुसतं "धोकादायक तिठा" लिहिलेले अर्ज ढिगाने येतात.

---

स्कूटर_आणि_शाळा (म्हापसा)

मालकीणबाईंचं बरं वाटलं वाचून. ग्रिलच्या आतल्या बाजूने कोपरा सोडून पुढे, घराच्या समोर, त्यांना आडोसा हवा असेल तर जास्वंदीची रांग लावून द्या, वाड्यातल्या बायकांनी मिळून. फक्त कोपऱ्यात नको. आणि कोपऱ्यावर रस्त्याचा लाईट आहे का बघा, रात्री त्यांनाही धीर आणि चालणारा माणूस पण दिसेल.

पण दादा, मी अजून म्हणते, गडगा खाली येईपर्यंत आरसा थांबवू नका. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या.

---

वळणावर_घर (फोंडा)

लावताना एक माणूस शिडीवर आणि एक जण थांबायच्या रेघेवर स्कूटरवर बसून, असं करा. आमच्याकडे कंत्राटदाराच्या माणसाने खालून उभ्याने बघून फिट केला होता, स्कूटरवर बसलं की निम्म्या आरशात आभाळ. मग परत उघडला. खालची कड साताठ फूट तरी वर ठेवा, नाहीतर उभ्या रिक्षाचा टप आड येतो, पण फार वर पण नको, जितका वर तितका खाली वाकवावा लागतो. सेट झाल्यावर क्लॅम्पवर आणि खांबावर मिळून ऑइल पेंटची एक आडवी रेघ मारून ठेवा. फिरला की रेघ तुटलेली लांबूनच दिसते, शिडी न लावता कळतं.

---

तिठ्यावरचा (डिचोली)

रेघेची आयडिया घेतली. स्कूटरवर बसून आणि मग कारमध्ये बसून, दोन्ही बघायला लागेल ना? कारचा ड्रायव्हर बराच मागे बसतो, बॉनेट पुढे असतं.

---

सिव्हिल_बांधकाम

हो, दोन्ही. कारचं बॉनेट रेघेवर ठेवून ड्रायव्हर सीटवरून बघा, त्याला आरशात निदान ६० मीटरवरची मोटरसायकल दिसली पाहिजे. एका पोराला बाईक घेऊन उजवीकडे टेपने मोजलेल्या ६० मीटरवर उभं करा, हेडलाईट बंद ठेवून. दोघांचं जुळत नसेल तर कारचं नीट लावा, कारण स्कूटरवाला अजून थोडा पुढे होऊन डोळ्याने बघू शकतो. आणि ही टेस्ट आरसा विकत घेण्याआधीच करून बघा, दुकानदाराकडून एक आरसा तासाभरासाठी मागून बांबूला बांधून. ६० मीटरवरची बाईक कळत नसेल तर तेवढा आरसा घेऊ नका, मोठ्या त्रिज्येचा आणि मोठा मागवा, आणि गडग्याचं काम आधी लावून धरा. स्पीडब्रेकर झाल्यावर ३० मीटर पुरेल, पण तो होईपर्यंत ६० च धरा.

---

हार्डवेअर_साखळी

टेस्टला आरसा हवा असेल तर माझ्याकडून न्या, चरा पाडू नका म्हणजे झालं. सकाळी साडेआठच्या आधी आलात तर दव पडलेला कसा दिसतो तेही बघून घ्या.